श्रेयनामावलीतले वसंतराव

गेल्या वर्षी जानेवारीत देवगड तालुक्यातल्या एका शाळेत समूहगानाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. निवृत्त मास्तराला अशी आमंत्रणं येतात आणि तोही ती सहसा नाकारत नाही. शाल मिळते, नारळ मिळतो, जुने विद्यार्थी भेटतात. आम्ही तिघे परीक्षक होतो. समोर छापील तक्ता. त्यात पाच रकाने : सूर, ताल, शब्दोच्चार, सादरीकरण आणि गणवेश. प्रत्येकाला 20 गुण. संघ होते 14. त्यांतल्या चार संघांनी 'दो आँखें बारह हाथ'मधली प्रार्थना म्हटली, दोघांनी 'गुड्डी'मधली, आणि एका संघाने 'छोटा जवान'मधलं ते लढाईचं गाणं बाकं हादरतील इतक्या जोरात म्हटलं.

चहाच्या वेळी सहज विषय काढला की या सात गाण्यांचा संगीतकार कोण? खय्याम, मदनमोहन, सी. रामचंद्र अशी नावं आली. एका तरुण शिक्षकांनी तर चालही लताबाईंचीच असणार असं ठामपणे सांगितलं. वसंत देसाई हे नाव कोणीच घेतलं नाही. सातही गाणी त्यांची. आणि ज्या कुडाळ तालुक्यात ते जन्मले तो आमच्यापासून एसटीने दोन-अडीच तासांवर. नांदगाव तिठ्यावर हायवे गाठायचा, कणकवली ओलांडायची, की आलंच.

रागावण्याचा मला अधिकार नव्हता. ही प्रार्थना मी स्वतः हायस्कूलात चार वर्षं रोज म्हटली, आणि ती कोणाची याचा पत्ता मला नोकरी लागल्यावर विविध भारतीवरच्या निवेदनातून लागला.

देवगडात मी तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो तंबूत. साठच्या दशकाचा आरंभ असेल. पावसाळा सरला की फिरता सिनेमा यायचा, माडाच्या आवाठात तंबू ठोकला जायचा, पुढे वाळूत बसणाऱ्यांची गर्दी आणि मागे बाकड्यांवर मानाची माणसं. मशीन सुरू झालं तरी निम्मे लोक आत शिरतच असायचे. कोणाचं मूल हरवलेलं, कोणाची चप्पल अडकलेली. या गडबडीत पडद्यावरून नावं सरकून जायची. शांतता व्हायची ती पहिला प्रसंग सुरू झाल्यावर. त्यामुळे आमच्या पिढीला सिनेमे तोंडपाठ, पण त्यांची श्रेयनामावली कोरी. नट तेवढे ओळखीचे. व्ही. शांताराम हे नाव ठाऊक, कारण ते पोस्टरवर मोठ्या अक्षरांत असायचं. बाकीचे सगळे त्या चप्पल शोधण्याच्या वेळात निघून गेलेले.

स्पर्धेहून परतल्यावर वसंतरावांविषयीचं घरातलं जुनं वाचन पुन्हा काढलं. आज जे लिहितो आहे ते त्यातून.

वसंत देसाई यांचा जन्म 9 जून 1912चा, सोनवडे गावातला. तेव्हा ते सावंतवाडी संस्थानात होतं. देवगड मात्र इंग्रजी अमलातल्या रत्नागिरी जिल्ह्यात. म्हणजे आम्ही शेजारी असूनही वेगवेगळ्या राज्यांतले. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी आणि तोवर वसंतराव जाऊन पाच वर्षं उलटली होती. आपण ज्याला सिंधुदुर्गाचा सुपुत्र म्हणतो, त्याने सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा कधी पाहिलाच नाही.

माझी आत्या कुडाळची. लहानपणी दिवाळीनंतर तिच्याकडे गेलो की आसपासच्या गावांच्या जत्रा लागायच्या आणि जत्रा म्हटली की दशावतार. रात्री उशिरा गणपतीचं सोंग यायचं, संकासुराला बघून आम्ही पोरं आईच्या पदराआड जायचो, आणि मग पहाटेपर्यंत आख्यान. वाद्यं म्हणाल तर पायपेटी, मृदंग आणि झांज, एवढाच संसार. पण त्या खेळाची एक गंमत मोठेपणी लक्षात आली. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. नट ऐनवेळी सुचेल ते बोलतो, हवं तेव्हा पद सुरू करतो, हवं तेव्हा तोडतो. पेटीवाल्याला त्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं. राजा चिडला की पेटी चिडते, राणी रडली की पेटी खाली येते. नटाचा भाव आधी ओळखायचा आणि मग सूर धरायचा, हे तिथलं शिक्षण. देवळातलं भजन, कीर्तन आणि हा दशावतार ज्याच्या कानांवर बालपणी पडला, त्याला सिनेमाचं पार्श्वसंगीत वेगळं शिकवावं लागलं नसणार, असं मला आपलं वाटतं.

पण या मुलाला व्हायचं होतं नट. कोल्हापुरात 1 जून 1929 रोजी प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी आणि शांताराम यांची. तिथे हा सोनवड्याचा पोरगा दाखल झाला आणि पडेल ते काम करू लागला. 1930च्या 'खुनी खंजर' या मूकपटात त्याला भूमिका मिळाली. दोन वर्षांत बोलपट आला. 'अयोध्येचा राजा' हा प्रभातचा पहिला बोलपट 1932चा. त्याचं संगीत गोविंदराव टेंबे यांचं, राजा हरिश्चंद्रही तेच आणि तारामती दुर्गाबाई खोटे. त्यात वसंत देसाई गायले. मूकपटात चेहरा दाखवायला आलेल्या मुलाला बोलपटाने गळा असल्याची जाणीव करून दिली म्हणायची.

पुढची दहा वर्षं उमेदवारीची. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्तर कृष्णराव. एकेका नावासाठी आयुष्य ओवाळून टाकावं अशी ही माणसं, आणि वसंतराव त्यांच्या हाताखाली. कंपनी 1933 साली पुण्याला आली. 1936 साली 'संत तुकाराम' निघाला, मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो 57 आठवडे चालला, आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला जाऊन त्याची खास शिफारस झाली. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम इटलीतल्या परीक्षकांना भावला, ही गोष्ट त्या काळात केवढी असेल! देहूच्या वाण्याचे अभंग तिथे कोणाला कळणार होते? तरी कळले. अभंग तुकोबांचे, चाली केशवराव भोळ्यांच्या आणि शिफारस चित्रपटाची. परदेशी महोत्सव म्हणजे काय असतं ते वसंतरावांना पहिल्यांदा असं, कंपनीच्या आवारात राहून, दुसऱ्याच्या गाण्यावरून कळलं असणार.

शांतारामबापूंनी 1942 साली प्रभात सोडली आणि मुंबईला परळमध्ये राजकमल कलामंदिर उभं केलं. वसंतराव त्यांच्याबरोबर गेले आणि संगीतकार झाले. राजकमलचा पहिला चित्रपट 'शकुंतला' 1943चा. मुंबईच्या स्वस्तिकला तो 104 आठवडे चालला आणि 1947 साली न्यूयॉर्कमध्ये थिएटरात लागला. मग 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', मग 'लोकशाहीर रामजोशी'. 'रामजोशी'तल्या लावण्यांविषयी स्वतंत्र लेख लिहावा लागेल. गदिमांची लेखणी, वसंतरावांची ढोलकी, हंसा वाडकर आणि जयराम शिलेदार. तमाशाकडे नाक मुरडणारी घरंसुद्धा त्या गाण्यांवर डोलली.

आता कानकडे वळू.

'अमर भूपाळी' 1951चा. पेशवाईच्या उतरत्या काळातला होनाजी बाळा हा शाहीर त्याचा नायक. भूमिका पंडितराव नगरकरांची, आणि संध्याबाई याच चित्रपटातून पडद्यावर आल्या. होनाजीच्या भूपाळीला वसंतरावांनी जी चाल लावली ती आज इतकी घराघरांत आहे की ती होनाजीच्या काळापासून तशीच चालत आली असं लोक समजतात. संगीतकाराला याहून मोठी पावती नाही, आणि याहून मोठी शिक्षाही नाही.

हा चित्रपट 1952 साली कानच्या महोत्सवात स्पर्धेत होता. तेव्हाची पद्धत आजच्यासारखी नव्हती. कोणता चित्रपट पाठवायचा ते त्या त्या देशाने ठरवायचं. महोत्सवाने स्वतः निवड करायला सुरुवात केली ती 1972पासून. म्हणजे मराठी शाहिराची ही कथा भारताच्या नावाने तिथे उभी होती. परीक्षक मंडळाचे प्रमुख होते फ्रेंच लेखक मॉरिस जेनेव्वा. सर्वोच्च पारितोषिक विभागून गेलं : एक वाटा ऑर्सन वेल्सच्या 'ऑथेल्लो'ला, दुसरा कास्तेलानी या इटालियन दिग्दर्शकाला. त्या वर्षी कानमध्ये संगीतासाठी वेगळं पारितोषिक होतं आणि ते स्वेन शोल्ड या स्वीडिश संगीतकाराला मिळालं. 'अमर भूपाळी'चा गौरव झाला तो उत्कृष्ट ध्वनिमुद्रणासाठी. ध्वनिमुद्रक होते ए. के. परमार.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थबकलो. आवाज उत्तम नोंदवला गेला, हे परक्या माणसांना ऐकू आलं. जे नोंदवलं गेलं त्याचं काय?

पण मग त्या परीक्षकांच्या जागी स्वतःला बसवून पाहिलं. दहा-पंधरा दिवसांत तीस-पस्तीस चित्रपट बघायचे. भाषा कळत नाही, खाली अक्षरं धावताहेत, त्यांतून कथा समजून घ्यायची. गाण्याचा अर्थ अक्षरांतून थोडाफार मिळतो. भूपाळी ही पहाटे म्हणायची, देवाला आणि पोरांना त्याच सुरात उठवायचं, घरात चूल पेटत असते, गोठ्यात वासरू हंबरत असतं, हे कोणती अक्षरं सांगणार? आपल्याला त्या चालीत पहाट ऐकू येते, कारण आपण ती पहाटे ऐकलेली असते. स्वीडनचं संगीत त्यांना शेजारघरचं होतं. यात कोणाचा अन्याय नाही. ध्वनिमुद्रणाची स्वच्छता मात्र कुठल्याही देशाच्या कानाला कळते, तिला दुभाषा लागत नाही.

हाच प्रकार मायदेशी झाला तेव्हा मात्र मला सबब सापडत नाही. 'झनक झनक पायल बाजे' 1955चा. शीर्षकगीत उस्ताद अमीर खाँ यांनी गायलेलं, तबल्याला सामताप्रसाद, आणि संतूर वाजवायला जम्मूचा एक कोवळा मुलगा, शिवकुमार शर्मा. हिंदी चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात संतूर आणलं ते वसंतरावांनी. गोपीकृष्णांच्या पायांइतकाच हा चित्रपट वसंतरावांच्या कानांवर उभा आहे. 1957च्या फिल्मफेअर पारितोषिकांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, शांतारामबापू सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरले, ध्वनिमुद्रणाचं पारितोषिक पुन्हा परमारांना मिळालं. संगीताचं गेलं 'चोरी चोरी'ला. 'चोरी चोरी'ची गाणी मलाही आवडतात, पावसात तर फारच. पण नाचगाण्यावरच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट म्हणायचं आणि त्याच्या संगीताला नाही, हे गणित मला आजवर सुटलेलं नाही.

सरकारी पारितोषिकांचं कोडं त्यामानाने सोपं आहे. अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला 1954 साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्याचं संगीत वसंतरावांचं. द्रौपदीच्या भावाची ती गोष्ट गाण्यातून सांगितली जाते तेव्हा डोळे कोरडे राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही. चार वर्षांनी 'दो आँखें बारह हाथ'लाही सुवर्णपदक. संगीतही त्यांचंच. पण संगीत दिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पारितोषिक सुरू झालं ते 1967च्या चित्रपटांपासून. तोवर तक्त्यात तो रकानाच नव्हता. वसंतरावांची उमेदीची सगळी वर्षं या रकान्याच्या अलीकडे पडली.

'दो आँखें'ची जन्मकथा आपल्याच मुलखातली. औंध संस्थानात, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत 1939 साली सुरू झाली. जन्मठेपेचे कैदी तिथे भिंतीशिवाय, शेती करत राहायचे. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश गृहस्थ आणि औंधचे राजेसाहेब यांचा हा प्रयोग. गदिमांनी त्यावर कथा लिहिली, शांतारामबापूंनी जेलर आदिनाथ उभा केला, बैलाशी झुंजीच्या प्रसंगात डोळ्याला इजा करून घेतली आणि चित्रपट पुरा केला.

बर्लिनचा आठवा महोत्सव 27 जून ते 8 जुलै 1958 या काळात भरला. हा महोत्सव 1951चा, म्हणजे तसा नवखा. मधल्या चार वर्षांत तिथे बक्षिसं प्रेक्षकांच्या मतांवर दिली जात. आंतरराष्ट्रीय परीक्षक मंडळ बसायला लागलं ते 1956पासून. 1958 सालच्या मंडळाचे प्रमुख होते अमेरिकेचे फ्रँक काप्रा. भारत त्यांना अगदीच परका नव्हता. आपला पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव जानेवारी 1952मध्ये मुंबईत भरला, तेव्हा अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून ते आले होते. साध्या माणसातल्या चांगुलपणावर त्यांनी जन्मभर चित्रपट काढले. सहा खुन्यांवर विश्वास टाकणारा जेलर त्यांना आपला वाटला असेल तर नवल नाही.

स्पर्धा सोपी नव्हती. सुवर्ण अस्वल गेलं इंगमार बर्गमनच्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'ला. अभिनयाची पारितोषिकं सिडने पॉटिए आणि अॅना मान्यानी यांना, दिग्दर्शनाचं जपानच्या तादाशी इमाईंना. आणि परीक्षक मंडळाचं विशेष पारितोषिक, रुपेरी अस्वल, 'दो आँखें बारह हाथ'ला. शिवाय आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचंही. पुढच्या वर्षी हॉलिवूडच्या परदेशी पत्रकारांनी गोल्डन ग्लोबबरोबर दिलं जाणारं सॅम्युअल गोल्डविन पारितोषिक दिलं.

कॅथलिक संघटनेला हा चित्रपट का आवडला असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. चित्रपट म्हणून तो निर्दोष नाही. उत्तरार्धात उपदेशाचा आवाज चढतो. खेळणीवाली चंपा गोड आहे, पण ती कथेत कुठून आली आणि कशाला आली हे विचारू नये. जेलरच्या डोळ्यांची जादू पुन्हा पुन्हा दाखवलेली आज थोडी भडक वाटते. हे सगळं मान्य करून सांगतो की प्रार्थना सुरू झाली की तक्रार विरघळते. भरत व्यासांचे शब्द साधे, लताबाईंचा आवाज आणि त्यामागे दांडग्या पुरुषांचा अवघडलेला कोरस. ती चाल मुद्दाम कोणालाही म्हणता येईल अशी आहे. तिच्यात कसरत नाही, दम लागत नाही, लहान पोराचा गळा पोहोचणार नाही अशी उंची नाही. कैद्यांना म्हणता यायला हवी म्हणून ती तशी बांधली, आणि म्हणूनच ती शाळांनी उचलली. देव कोणता हे त्या गाण्यात सांगितलेलं नाही. बर्लिनमध्ये बसलेल्या पाद्र्याला ती चर्चमधली वाटली असेल, आमच्या हायस्कूलच्या पटांगणावर ती आम्हाला आमची वाटली.

रुपेरी अस्वल शांतारामबापूंचं आणि ते योग्यच. दिग्दर्शकाचं नाव पुढे असावं, नाहीतर चित्रपट कोणाच्याच नावाचा उरणार नाही. माझं म्हणणं एवढंच की ते अस्वल ज्या पायांवर उभं राहिलं, त्यांतला एक पाय सोनवड्याचा होता.

त्यानंतर राजकमलच्या 'नवरंग'ला संगीत सी. रामचंद्रांचं आलं. वसंतराव बाहेर पडले होते. लगेच 1959 साली 'गूंज उठी शहनाई' आला आणि त्यात बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई त्यांनी सिनेमात आणली. सात-आठ वर्षांनी 'लडकी सह्याद्री की'च्या निमित्ताने ते पुन्हा राजकमलमध्ये दिसतात. मधल्या काळात 'मोलकरीण', 'छोटा जवान', रंगभूमीवर 'पंडितराज जगन्नाथ'. नाट्यसंगीताचा रसिक वसंतरावांना फक्त तेवढ्यासाठी ओळखतो आणि सिनेमाचा रसिक त्यांची नाटकं विसरतो.

साठच्या दशकातलं त्यांचं मोठं काम पडद्यावर नव्हतंच. 1962च्या चीनच्या लढाईनंतर त्यांनी शाळांच्या मुलांना समूहगान शिकवण्याचा ध्यास घेतला. हजारो मुलं मैदानात एका सुरात गाताहेत आणि समोर वसंतराव हात वर करून उभे. याला ना तिकीट, ना पारितोषिक. आमच्या देवगडच्या हायस्कूलात 'छोटा जवान'चं गाणं तेव्हाच आलं. आमच्या गायनाच्या मास्तरांनी ते रेडिओवरून उतरवून घेतलं होतं. दुसरं कडवं त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं, तर त्यांनी दोन ओळी पदरच्या घातल्या होत्या. कित्येक वर्षं आम्ही त्याच म्हणत होतो.

आणि 23 ऑक्टोबर 1966 रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात एम. एस. सुब्बुलक्ष्मी गायल्या. कांचीच्या शंकराचार्यांनी त्यासाठी 'मैत्रीं भजत' हे संस्कृत गीत रचून दिलं होतं. त्याची चाल वसंत देसाईंची. जगातल्या सगळ्या देशांचे प्रतिनिधी समोर बसलेले, गाणारी तमिळनाडूची, शब्द कांचीचे आणि सूर कुडाळचा. तिथे परीक्षक कोणी नव्हते, एवढं बरं.

शेवटच्या वर्षांत हृषीकेश मुखर्जींनी त्यांना दोन चित्रपट दिले. 'आशीर्वाद' 1968चा आणि 'गुड्डी' 1971चा. 'गुड्डी'ची प्रार्थना गुलजारांची, गाणारी वाणी जयराम तेव्हा हिंदीत नवखी. एकाच माणसाने देशाला शाळेच्या दोन प्रार्थना द्याव्या, हे दुसऱ्या कोणा चित्रपट संगीतकाराच्या बाबतीत घडल्याचं मला आठवत नाही. 1973च्या गुलजारांच्या 'अचानक'मध्ये एकही गाणं नाही. तिथे वसंतरावांनी फक्त पार्श्वसंगीत केलं. नटाच्या तोंडाकडे बघत सूर धरायचा, तो दशावतारी पेटीवाल्याचा धडा इथे शेवटी कामी आला.

22 डिसेंबर 1975. ध्वनिमुद्रण आटोपून ते मुंबईतल्या घरी परतले आणि इमारतीच्या लिफ्टमध्ये अपघात होऊन गेले. वय 63.

2004पासून आपला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीला कायमचा आला. देवगडहून मी दोन-तीनदा गेलो आहे. पहाटेची गाडी पकडायची, कुडाळ, सावंतवाडी, बांदा करत दुपारपर्यंत मांडवी गाठायची. कुडाळ जवळ आलं की मी खिडकीबाहेर बघतो, सोनवड्याकडे कुठला रस्ता जातो ते. पणजीत गळ्यात ओळखपत्र अडकवून तरुण मुलं एका थिएटरातून दुसऱ्यात धावत असतात. ती मुलं चित्रपट संपल्यावर शेवटच्या नावापर्यंत बसून राहतात, हे पाहून मला फार बरं वाटलं. आमच्या तंबूत नावं आधी यायची आणि आम्ही चुकवायचो.

आता स्पर्धेचं सांगायचं राहिलं. खाडीपलीकडच्या एका छोट्या शाळेचा संघ 'दो आँखें'ची प्रार्थना घेऊन आला होता. अकरा मुलं, गणवेश एकसारखे नाहीत, दोघांच्या पायांत चपला नाहीत. साथीला एक म्हातारे गृहस्थ पेटी घेऊन मुलांच्या मागे बसले होते. दशावतारात उभी हयात काढलेला माणूस, मुलांना त्यांनीच शिकवलं होतं. मुलं एके ठिकाणी घसरली, तर पेटी त्यांच्याबरोबर क्षणभर खाली आली आणि त्यांना हात धरल्यासारखी वर घेऊन गेली. सभागृहात कोणाला कळलंही नाही. दुसरा संघ तालुक्याच्या गावचा, कडक इस्त्रीचा, मोबाइलवरून तयार साथ लावून चोख गाणारा. आम्ही गुण मांडले. गणवेशाच्या रकान्यात खाडीपलीकडच्या मुलांना मी 20पैकी 11 दिले, कारण तक्त्यात रकाना होता आणि मला तो भरायचा होता. चार गुणांनी ती दुसरी आली. प्रमाणपत्रावर शाळेचं नाव, मुख्याध्यापकांचं नाव, आमच्या तिघांच्या सह्या. पेटीवाल्यांचं नाव लिहायला जागा नव्हती. बक्षीस समारंभ चालू असताना ते पेटीला खोळ घालत होते. त्यांची शेवटची गाडी साडेपाचची होती.

यंदा त्याच शाळेने मला पुन्हा बोलावलं. मी आधीच पत्र लिहिलं की तक्त्यात एक रकाना वाढवा : चाल कोणाची आणि शिकवलं कोणी. गुण नकोत, नुसती नावं. उत्तर फोनवर आलं. तक्ते दोन वर्षांचे एकदम छापून घेतले आहेत, तेव्हा यंदा ते जमणार नाही. पण संघांनी चिठ्ठीवर नावं लिहून दिली तर गाण्याआधी वाचून दाखवता येतील. मी बरं म्हटलं.

चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या एकीवर तीच बर्लिनची प्रार्थना होती आणि संगीतकारापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, पारंपरिक. मी ते खोडलं, वसंत देसाई, मुक्काम सोनवडे, तालुका कुडाळ असं लिहिलं आणि चिठ्ठी निवेदन करणाऱ्या नववीतल्या मुलीकडे दिली. तिने ती मुक्काम आणि तालुक्यासकट वाचली.